ओवी म्हणणारीचं नाव लिहिलंत का?

वाचकांचे प्रश्न : गावाची नोंदवही

महिला मंडळांनी आणि बचत गटांनी गावाचा इतिहास कसा जमवावा, यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं लांब होती, प्रश्नाचा गाभा ठेवून छोटी केली आहेत.

प्रश्न : आमचा चौदा जणींचा बचत गट आहे. गावाचा इतिहास लिहायचं ठरलंय. सरपंच म्हणतात, आधी संस्था नोंदवा. वडीलधारी मंडळी म्हणतात, इतिहास म्हणजे पाटलांचा वाडा आणि देवळाचा जीर्णोद्धार. वर म्हणतात, ‘आम्ही सांगतो, तुम्ही उतरवून घ्या.’ सुरुवात कुठून धरायची? (सातारा जिल्हा)

वही लिहायला कुठलीच नोंदणी लागत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था करायला किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. मग दरवर्षीचे हिशेब आणि लेखापरीक्षण मागे लागतं. देणग्या किंवा जागा घ्यायची वेळ आली की तेव्हा बघा. गटाच्या बचतीचा पैसा मात्र या कामात मिसळू नका. वह्या-पेनांची वर्गणी वेगळी काढा, तिचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवा. इतिहासावरून गट मोडत नाहीत, दीडशे रुपयांवरून मोडतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत या कामाचा ठराव मांडा आणि पुढे ग्रामसभेत नोंदवून घ्या. एवढी मान्यता पुरते, आणि पुढे शाळेत-चावडीत कागद बघायला जाताना तो ठराव हातात असतो.

वाडा आणि देऊळ लिहाच, पण पहिल्या पानावर नको. ती हकीकत गावात पन्नास जणांना पाठ आहे, पुढच्या वर्षीही मिळेल. पुढच्या वर्षी मिळणार नाही ते पंचाहत्तरीपुढच्या बायकांच्या डोक्यात आहे. म्हणून पहिल्या महिन्यात फक्त एक यादी करा: गावठाण, वाड्या आणि सगळ्या वस्त्या धरून पंचाहत्तरीपुढच्या बायका किती, कोण कुठल्या माहेरची, कोणाला ऐकू कमी येतं, कोणाची तब्येत नाजूक. ज्यांची तब्येत नाजूक, त्यांच्याकडे आधी.

वह्या तीन करा. पहिली आवक वही. गावातून जे काही मिळेल, मग ते ध्वनिमुद्रण असो, फोटो असो की नुसती सांगोवांगी गोष्ट, त्याला एकच चालू क्रमांक द्या. साल आणि क्रमांक, बस्स. तो क्रमांक पुन्हा कशालाही द्यायचा नाही. रकाने असे: क्रमांक, तारीख, काय मिळालं, कोणी दिलं किंवा सांगितलं, कुठे बसून, मूळ की नक्कल, परत केलं का, नोंद करणारीची सही. दुसरी माणसांची वही, तिसरी ठिकाणांची. या दोन्हींत माहिती लिहिताना शेवटी आवक क्रमांक टाकायचा.

यात चुकतं कुठे? जी ती आपल्या घरी आपली वही धरते आणि १ पासून सुरू करते. सहा महिन्यांनी ‘क्रमांक ७’ नावाच्या पाच वस्तू होतात. आकडे एकाच वहीतून, एकीच्याच हाताने निघाले पाहिजेत. दुसरी चूक जास्त महागात पडते. ‘जुनीजाणती माणसं सांगतात की…’ असं वाक्य लिहिलंत तर ती नोंद वाया गेली समजा. कोण माणूस? तो तिथे होता, की आजोबांकडून ऐकलं? नोंदीला धनी हवा. दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही आपापल्या नावाने लिहा; त्यातली खरी कोणती हे त्याच दिवशी ठरवायची घाई नको.

लिहायला जेल पेन नको, ओल लागली की पसरतं. पेन्सिल सगळ्यांत टिकाऊ. चुकलं तर खोडरबर किंवा पांढरी शाई न वापरता एक आडवी रेघ मारून बाजूला सही करा.

प्रश्न : जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करतो, पण आज्या दोन-चार म्हणतात आणि ‘आठवत नाही बाई’ म्हणून थांबतात. ज्या मिळतात त्या ऐकताना निम्मे शब्द कळत नाहीत. (बीड जिल्हा)

आजीला खुर्चीवर बसवून समोर मोबाइल धरला असेल, तर आठवणार नाही. ओवी डोक्यात जेवढी असते तेवढीच खांद्यात असते. जातं मांडा, समोरासमोर दोघी बसवा. एकीने ओळ उचलायची, दुसरीने झेलायची, ही मूळची रीत आहे. एकटीला म्हणायला लावलं की साखळी तुटते. जातं रिकामं फिरवू नका. दगडावर दगड घासून जात्याला मारलेली टाकी झिजते, आणि त्या खरखरीने रेकॉर्डिंगही फुकट जातं. ज्वारी-बाजरीची थोडी थोडी वैरण, म्हणजे मूठमूठ दाणे, घालत राहा, आवाज खाली बसतो. दळायला बसणं ज्यांना झेपत नाही त्यांना नुसता खुंटा धरायला द्या. हात फिरला की पुष्कळदा ओळ येते.

तरीही जात्याचा घरघराट राहतोच. म्हणून प्रत्येक ओवी दोनदा घ्या: एकदा दळताना गाऊन, एकदा जातं थांबवून सावकाश सांगून. दोन्ही ठेवायच्या. सांगताना बाई अर्ध्या ओळीची पुनरावृत्ती गाळते, मधले ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ गाळते. शब्द स्पष्ट मिळतात पण चाल जाते. गाण्यातून चाल मिळते, शब्द निसटतात. लिहून काढताना सांगितलेल्या प्रतीवरून शब्द धरा आणि गायलेलीवरून पुनरावृत्ती. बोलीतला शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. ‘व्हता’ म्हटलं असेल तर ‘व्हता’च लिहा.

मोबाइलचं म्हणाल तर विमान मोड लावा, नाहीतर ऐन ओवीत फोन येतो. पंखा बंद. फोन जात्याच्या दगडावर किंवा जमिनीवर ठेवू नका, थरथर सरळ आत जाते. घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, गाणारीच्या तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, जात्याकडे पाठ करून. ॲपमध्ये वेव्ह प्रकार निवडता आला तर तो निवडा. एका चॅनेलवर नेहमीच्या दर्जाला (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट) तासाला सुमारे ३०० एमबी जागा लागते, तेवढी मोकळी आहे का हे निघण्याआधी बघा. सुरुवातीला तुमच्याच आवाजात बोला: तारीख, गाव, वस्ती, बाईचं नाव, माहेर, कोण कोण बसलंय, आवक क्रमांक. फाइलचं नाव बदललं, हरवलं, तरी ओळख आवाजातच राहते. एक तासाचं रेकॉर्डिंग लिहून काढायला पाच-सहा तास जातात, तेव्हा एका दिवशी तीन घरं करण्याचा हव्यास नको.

‘हे चार बायकांचं गाणं, यात इतिहास कसला?’ असं कोणी म्हटलं तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभं केलेलं काम दाखवा. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या, विषयवार लावल्या गेल्या, आणि आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात गाणारणीच्या नावासह ऐकायला मिळतात. त्यात डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत, सासुरवासाच्या आहेत, पिकापाण्याच्या आहेत. कुठल्याही दप्तरात हे सापडायचं नाही. नावाचा मुद्दा इथेही तोच: ‘पारंपरिक’ एवढंच लिहून गाणारीला पुसून टाकू नका. तिला नाव द्यायचं नसेल तर तसं विचारून नोंदवा. आणि नाव म्हणजे ‘अमक्याची आई’ नव्हे. तिचं स्वतःचं नाव, सासरचं आडनाव, माहेरचं गाव.

प्रश्न : सांगणाऱ्या बायकांना सालं माहीत नसतात. ‘मोठ्या दुष्काळात’, ‘पोरगं रांगत होतं तेव्हा’ असं सांगतात. तारखा कशा बसवायच्या? (सांगली जिल्हा)

साल विचारूच नका. साल विचारलं की माणूस अंदाजाने काहीतरी सांगून मोकळा होतो आणि तो अंदाज वहीत पक्का होऊन बसतो. खुंटी शोधा, तिला आठवण अडकवा.

महाराष्ट्रभर चालणाऱ्या खुंट्या अशा. १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ (ही आता ऐकीव म्हणूनच मिळेल). ३० जानेवारी १९४८ ला गांधीहत्या आणि पश्चिम महाराष्ट्रातली जळितं. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८, निजामाच्या राजवटीतून सुटका. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. बाजारहाट करणाऱ्या बायकांना हे हमखास आठवतं, कारण आणे-पैचा हिशेब बदलला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य. पुण्याच्या बाजूला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. तुमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, तो पहाटेचा होता. मग १९७२ चा दुष्काळ. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप.

‘बहात्तर’ जपून वापरा. नंतरच्या एखाद्या टंचाईलाही लोक बहात्तरच म्हणतात. पडताळायला विचारा: सुकडी वाटत होते का, मिलो ज्वारी खाल्लीत का, खडी फोडायला कुठल्या कामावर जात होतात? तिन्हींना उत्तर मिळालं तर दुष्काळ तोच. खडी फोडणारीने कुठला रस्ता, कुठला पाझर तलाव, मुकादम कोण, मजुरी कशी मिळायची हे सांगितलं तर तिथे सावकाश थांबा. आज तुम्ही ज्या रस्त्याने तालुक्याला जाता तो कदाचित त्याच बायकांनी फोडलेल्या खडीवर आहे, आणि हे कुठल्या कोनशिलेवर लिहिलेलं नसतं.

खुंटी एक असली तर नोंद डळमळीत, दोन असल्या तर बऱ्यापैकी पक्की. ‘लग्न नवे पैसे येण्याआधी, थोरली कोयनेच्या भूकंपात शाळेत जात होती’ एवढ्यावरून लग्न १९५७ च्या थोडं आधीचं हे कळतं. वहीत लिहिताना तिने जे शब्द वापरले ते आधी, तुमचा हिशेब कंसात आणि ‘अंदाजे’ म्हणून. गावपातळीवरचे आकडे पडताळायचे असतील तर १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका बघा. त्यांत गाववार लोकसंख्या असते. शाळेचं जनरल रजिस्टर आणि जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४ यांतून माणसांच्या तारखा जुळतात. शाळेतल्या जन्मतारखांवर मात्र आंधळा विश्वास नको. १ जूनला जन्मलेली मुलं संशयास्पद संख्येने सापडतात; ती तारीख आईची नसून गुरुजींची असते.

प्रश्न : एका घरात पेटीभर मोडी कागद आहेत. घरमालक बाहेर न्यायला देत नाहीत. आम्हाला मोडी येत नाही. काही कागद चिकटलेत, काहींना कसर लागलीय. (अहिल्यानगर जिल्हा)

मालक देत नाहीत ते बरंच आहे. बाहेर गेलेले कागद परत येत नाहीत, हा गावोगावचा अनुभव. त्यांच्याच ओसरीत बसून काम करा.

क्रम मोडू नका. वरचा कागद वर, खालचा खाली. एका गाठोड्यातले कागद बहुधा एका प्रकरणाचे असतात. विषयवार लावायच्या उत्साहात तो धागा एकदा तुटला की जुळत नाही. दफ्तरखान्यात अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात, तुम्हीही रुमाल १, रुमाल २ असेच क्रमांक द्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाला थुंकी लावू नका. घडी ताठ असेल तर जबरदस्तीने उलगडू नका, इस्त्री तर नकोच. चिकटलेले कागद तसेच ठेवा. ते सोडवणं तज्ज्ञांचं काम आहे, पाण्याच्या वाफेचे घरगुती प्रयोग करायला गेलात तर शाई सुटते. वाळलेली कसर आणि धूळ मऊ कोरड्या ब्रशने, मधून बाहेरच्या बाजूला झाडा. सेलोटेप कुठेच नाही. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरांसकट निघतो.

फोटो खिडकीशेजारच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल कागदाला अगदी समांतर धरून. प्रत्येक फोटोत कडेला पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी दिसली पाहिजे. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही फोटो. पुष्कळदा तारीख आणि शेरे मागेच असतात.

परत बांधायला मांजरपाट घ्या, पण आधी दोन-तीनदा धुऊन खळ काढा. खळ हे कसरीचं खाद्य. रंग जाणारं कापड नको. कडुनिंबाचा पाला ओला असताना कधीही घालू नका, त्याची ओल कागदात जाते. पूर्ण वाळवलेला पाला किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात, कागदाला न टेकता. पेटी भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीवरून उचललेली.

वाचायचं म्हणाल तर मोडी शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही. आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं लटकवत लिहीत, दोन शब्दांत जागा सोडत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. नवशिक्याला अडतं ते इथेच, अक्षरात कमी. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरवतं, आणि १९१० पासून काम करणारं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ यांसारख्या ठिकाणी जाणकार भेटतात. गटातल्या दोघींनी शिकावं. एकीने शिकलं तर तिचं लग्न किंवा बदली झाली की काम थांबतं.

तारीख तेवढी आधी काढता येईल. जुन्या कागदांत शुहूर सन अरबी आकड्यांत, एकं आधी अशा क्रमाने, शब्दांत लिहिलेला असतो. ‘सन सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार: ११७७. हे वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. म्हणजे हा कागद १७७६-७७ चा. फसली सन असेल तर तसेच ५९० किंवा ५९१, शके असेल तर ७८ (पौष-माघाकडे ७९). शुहूर आणि फसली यांची गल्लत झाली की कागद नऊ वर्षं सरकतो, आणि ही गल्लत छापील गावइतिहासांतही दिसते. म्हणून मूळ सन जसाच्या तसा लिहायचा, हिशेब कंसात.

प्रश्न : जुने फोटो टिकावेत म्हणून लॅमिनेट करून घ्यावेत का? (रत्नागिरी जिल्हा)

नाही. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आत कोंडलेली ओल फोटो खाते. कोकणात तर लवकरच. चिकट पानांचे अल्बमही तेवढेच वाईट. साध्या कागदी पाकिटात एक फोटो, पाकिटावर आधी लिहून मग फोटो आत. स्कॅन ६०० डीपीआयवर करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फोटो आक्रसतो. प्रती तीन: एक संगणकावर, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेर कुणाकडे तरी, म्हणजे पूर आला तरी एक उरते. वर्षातून एकदा तिन्ही उघडून बघायच्या. आणि फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, ओळीवार, कोणी ओळखली त्या नावासह. बिननावाचा लग्नाचा फोटो हा नुसता कागद आहे.

प्रश्न : देवळामागे कोरीव दगड पडलेत. काहींना शेंदूर फासलाय, एकाला हौशी मुलांनी ऑइल पेंट दिला. मंडळातर्फे स्वच्छ करून ओळीने सिमेंटमध्ये उभे करावेत असा विचार आहे. (पुणे जिल्हा)

सिमेंटचा बेत आजच सोडा. सिमेंटमधले क्षार दगडात चढतात, पायाशी ओल कोंडते आणि काही पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. शिवाय शंभर वर्षांवरचं शिल्प हे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं. ते हलवण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व विभागाशी बोला. जागाही माहितीच असते: शिवेवरचा दगड देवळात आणून ठेवला की शीव कुठे होती हे गेलं.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, खालून वर वाचतात. सगळ्यांत खाली पडलेला वीर, बाजूला गाई असतील तर गोधनासाठी झालेली लढाई, वर झुंज, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, माथ्याला तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि चंद्र-सूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी दगडात कोरलेली. ही नोंद करायला बायका संकोचतात, पुरुष हसतात. लिहा सरळ. कोकणात शिलाहारांच्या काळातले असे दगड आहेत, आणि अनेकांवर लेख असतो.

साफसफाई म्हणजे साधं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. तारेचा ब्रश, ॲसिड, थिनर, धुण्याची पावडर काही नको. ऑइल पेंट काढायच्या भानगडीत पडू नका, रंगाबरोबर दगडाची कातडी निघते. शेंदूर फासलेला दगड हा आता कोणाचा तरी देव आहे. पुजाऱ्याशी बोलून एवढंच मिळवा की अक्षरं असलेल्या दगडांना पुढे काही लावणार नाहीत. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, रांगोळी, पीठ भरू नका. सकाळी लवकर किंवा मावळतीला तिरप्या उन्हात फोटो घ्या, नाहीतर रात्री बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने उजेड टाका; दुपारी सपाट वाटलेला दगड तेव्हा बोलायला लागतो. वहीत उंची, रुंदी, तोंड कुठल्या दिशेला आणि जागेची खूण.

खोदताना नाणी-मूर्ती निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसीलदारांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : वहीत काय लिहू नये? एका बाईने पूर्वीच्या पाणवठ्याबद्दल सांगितलं, तर गावातले काही जण चिडले. दुसऱ्या घरातून जमिनीच्या वादाचा पुरावा म्हणून वहीची प्रत मागतात. (नांदेड जिल्हा)

पाणवठ्याचं लिहा. कोणाला विहिरीला हात लावू देत नव्हते, त्या बायका किती वेळ ताटकळत, पाणी वरून कोण ओतायचं, हे त्याच बायकांच्या तोंडून आणि त्यांच्याच शब्दांत. त्याला ‘पूर्वी चालीरीती वेगळ्या होत्या’ असं गुळगुळीत वाक्य जोडू नका. आणि त्या वस्तीतल्या बायका नुसत्या माहिती देणाऱ्या नकोत, वही धरणाऱ्यांतही हव्यात. त्या नसतील तर सांगणारीही हातचं राखून सांगते, आणि तिचं बरोबर असतं.

जमिनीचं उलट. ‘हे शेत मुळात आमचं’ असा दावा वहीत घेऊ नका. शेताचं नाव, ते का पडलं, तिथे काय पिकत होतं, एवढं लिहा. मालकीसाठी सात-बारा आणि फेरफार आहेत, हद्दीसाठी उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडचे नकाशे आहेत. जातीच्या दाखल्यासाठीही लोक येतील. त्यांना शाळेचं रजिस्टर आणि गाव नमुना १४ कुठे बघायचा ते सांगा, वहीवर सही-शिक्का मारून देऊ नका. एकदा दिलात की पुढे प्रत्येक जण नोंद बदलून मागायला येईल.

जिवंत माणसाची बदनामी होईल असं काही सांगणारीला मोकळेपणी सांगायचं असेल, तर ते रेकॉर्डिंग वेगळ्या पाकिटात बंद करा. पाकिटावर आवक क्रमांक, कधी उघडायचं ते साल आणि तिची सही किंवा अंगठा. उघडायची तारीख तिने ठरवायची.

प्रश्न : असं काम बायकांच्या मंडळांनी दुसरीकडे कुठे केलंय का? (कोल्हापूर जिल्हा)

केलंय, आणि मोठ्या प्रमाणावर. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात स्टोनी क्रीक इथे १९ फेब्रुवारी १८९७ ला शेतकरी घरांतल्या बायकांचं पहिलं ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ निघालं. ॲडलेड हूडलेस या त्यामागच्या प्रमुख. घरातली स्वच्छता, दूध, मुलांचं आरोग्य हे त्यांचे सुरुवातीचे विषय. १९१५ मध्ये ही कल्पना ब्रिटनमध्ये वेल्समधल्या खेड्यात पोचली. पुढे कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड ट्वीड्सम्यूर यांच्या पत्नीने गावाचा इतिहास बायकांनीच लिहावा असं सुचवलं, आणि ओंटॅरिओतल्या शाखांनी ‘ट्वीड्सम्यूर हिस्टरीज’ नावाचे खंड तयार केले. शेतांचे मालक, शाळा, चर्च, गिरण्या, युद्धावर गेलेले तरुण, सगळं कात्रणं आणि फोटो चिकटवून.

त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे शाखेत या खंडाची जबाबदारी एकीवर असते आणि ती पद सोडताना खंड पुढचीच्या हाती देते. न उचलण्यासारखी म्हणजे डिंक आणि कात्रणं. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून शेजारच्या पानालाही डाग देतो. कात्रणाची झेरॉक्स लावा. आणि त्या खंडांत मुख्यतः युरोपातून येऊन वसलेल्या घराण्यांच्याच कहाण्या आहेत, त्याआधी तिथे राहणाऱ्यांच्या फार कमी. पाटलांच्या वाड्याचा प्रश्न तिकडेही आहेच.

प्रश्न : आमचं मंडळ आजारी माणसं बघणं, टंचाईत पाण्याची व्यवस्था, शाळेला मदत अशी कामं करतं. त्यातून इतिहासाला वेळ कुठला? (सोलापूर जिल्हा)

वेगळा वेळ काढू नका. टंचाईचं काम करता, तर गावातल्या सगळ्या विहिरींची यादी तुम्हाला तशीही हवी. तीच ठिकाणांच्या वहीत करा: विहिरीचं नाव, कोणी खणली, कधी आटते, कधी आटली होती, बुजवली असेल तर का. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दोरीला दगड बांधून मोजा, एकदा दसऱ्यानंतर आणि एकदा वैशाखात, तारखेसह. जुन्या बायका ‘सात परस पाणी होतं’ असं सांगतील. परस हा खोली मोजायचा शब्द तसाच लिहा, स्वतः फुटांत बदलू नका, कारण परस गावागणिक कमी-जास्त होतो. या यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. बुजलेल्या विहिरींतली एखादी गाळ काढला तर टँकर वाचवते.

आजारी-म्हाताऱ्यांकडे जाता तेव्हा एका आजीकडे दर वेळी एकच जण जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला गोष्टी आपोआप निघतात. फक्त दोन वह्या वेगळ्या ठेवा: रक्तदाबाची गोळी, डॉक्टरची तारीख, पैशाची अडचण एकीत, ओवी, विहीर, माहेर दुसरीत. पहिली वही मंडळाबाहेर कोणालाही दाखवायची नाही, आणि आजी गेली की ती घरच्यांना परत.